विकतचं कुलूप

ओस्त्रावात खाणीच्या राखेची एक टेकडी आहे,
आतून अजून धुमसते, म्हणून तिच्यावर बर्फ टिकत नाही.
तिच्या पायथ्याच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
बोहुमीर झावोद्स्की राहायचे. कुलूपवाले.
आम्ही तिसऱ्यावर. मी तेव्हा चौदाचा.

एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांची दारं उघडली:
किल्ली गटारात पडलेल्यांची,
पिऊन स्वतःचा मजला विसरलेल्यांची,
एकदा तर आतून कडी लावून बसलेल्या एका नवरीचं.
उघडलं, तिचा चेहरा पाहिला,
आणि पुन्हा लावून, पैसे न घेता परत आले.
नियम एकच. आधी विचारायचं, घर कुणाचं?
कागद दाखवा.
मग हत्यारांची पेटी.

त्या जानेवारीत त्यांचा संगणक मेला.
दोनशे बारा गाणी, पेन्शनीतून एकेक घेतलेली
द्राहोमीराबाईंसाठी, ज्यांचा डावा कान कधीच गेला होता
आणि उजवा निघण्याच्या तयारीत होता.
फायली वेगळ्या जपलेल्या. नव्या यंत्रावर आल्या सगळ्या:
नावं आली, चित्रं आली, लांबी आली सेकंदासकट.
आवाज तेवढा आला नाही.
पडद्यावर पाटी: या संगणकाला परवानगी नाही.

फोनवरची बाई फार गोड बोलली.
पाच यंत्रांची मर्यादा संपलीय, एखादं जुनं रद्द करा.
ते मेलंय.
हो, पण रद्द त्याच्यावरूनच करावं लागेल.
त्यांनी फोन ठेवला, म्हणाले, हे विकतचं दुखणं ऐकलं होतं,
विकतचं कुलूप पहिल्यांदाच पाहतोय.

मग माझी पाळी.
मी कुठूनसा एक प्रोग्रॅम आणला, कुलूपतोड्या.
त्यानं कुलूप तोडलं नाही, पडद्यावर अर्ध्या कपड्यांतल्या बायका नाचवल्या,
नेमक्या द्राहोमीराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा.
चहा ठेवून त्या म्हणाल्या, हे गाणं मी घेतलं नव्हतं.

शेवटी जुनं धूड उघडलं, पंख्यातली लोकर काढली.
श्वास आला. पण अर्ध्या तासात तापून पुन्हा गपगार.
उघड्या खिडकीत, उणे अकरात ठेवलं तर मात्र चालायचं.
आता रद्द करता येईल, मी म्हणालो.
नको, ते म्हणाले, दर नव्या यंत्राला दारात उभं राहून
आत येऊ का विचारायचं? माझ्याच घरात?

आधी त्यांनी कपाटातून पावत्या काढल्या.
दोनशे बारा. टेबलावर रचल्या,
चष्मा लावून एकेक पाहिली, स्वतःच स्वतःला दाखवल्या.
मग मान हलवली. दार राहू दे बंद,
आपण भिंतीला कान लावू.
हेडफोनच्या भोकातून एक वायर,
वायरीच्या टोकाला त्यांचा जुना टेपरेकॉर्डर.

घाई करता येत नव्हती. तीन मिनिटांच्या गाण्याला तीनच मिनिटं.
साडेबारा तास, तीन रात्री,
ओव्हरकोट घालून आम्ही तिघं,
आणि खिडकीबाहेर ती टेकडी, तीही उबदार.

वायरीला खोलीतलं ऐकू येत नव्हतं,
आमचं खोकणं, बशीचा आवाज, काही नाही.
पण संगणकाचं स्वतःचं ऐकू आलं:
एका वॉल्ट्झच्या ऐन मध्यावर, टिंग,
अँटीव्हायरसची मुदत संपली.
मी ओशाळलो, पुन्हा करू म्हणालो.
कॅसेट संपत आल्या होत्या. राहिलं.

पुढे उजवा कान टेपला चिकटवून
द्राहोमीराबाई तो वॉल्ट्झ ऐकायच्या,
आणि त्या जागेच्या जरा आधी
बोट वर करायच्या,
चालकानं घंटेवाल्याला इशारा द्यावा तसं.
टिंग. मग हसायच्या.

आता दोघंही नाहीत. मी दरमहा पैसे भरतो,
जगातलं सगळं संगीत खिशात असतं, हप्ता चुकेपर्यंत.
तो वॉल्ट्झही आहे. स्वच्छ, धुतल्यासारखा.
परवा ट्राममध्ये ऐकत होतो.
बोट आपोआप वर गेलं.
समोरच्या बाईला वाटलं, मला काही विचारायचंय.