दिसना

धुळ्यात मे महिन्यात दुपारी दोनला
मी पंखा बंद करते.
वाऱ्यानं जुने फोटो उडत नाहीत, वळतात,
पापडासारखे, कडेनं आधी.
हात धुते. दोनदा.
शेवभाजीचं तेल बोटांच्या रेषांत लपून बसतं
आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी गालावर उमटतं.

सगळ्यात वाईट ते चिकट पानांचे अल्बम,
वर पारदर्शक झिल्ली, मुखपृष्ठावर
कुठल्याशा बर्फाळ देशातलं तळं.
एके काळी लग्नात आहेर म्हणून यायचे.
आता डिंकाच्या रेघा पिवळ्या पडल्यात,
नांगरून तशाच सोडलेल्या.
दातांत फिरवायचा दोरा मी
फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा सरकवते,
श्वास रोखून.
सुटतो, आणि कुणाचे तरी मामा
तळहातावर येतात, अगदी हलके,
गालात लाडवाचा घास लपवलेले.

लोक विचारतात, ताई, डांबरगोळ्या टाकू?
नका.
माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू?
तुम्ही झोपाल का तिथं?
मग साडीच्या पिशवीत?
ती पिशवी उन्हाळ्यात घामेजते
आणि चेहरा चाटून घेते.
आतल्या भिंतीचं कपाट, मधला कप्पा,
नव्या चपलांच्या खोक्यातली ती बारीक पुडी,
जी तुम्ही फेकून देता, तीसुद्धा चालेल,
पावसाळ्यापुरती.
नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, पाठीवर, कडेला.
बॉलपेननं लिहिलेलं नाव
पुढच्या बाजूला कपाळावर उठतं.

आम्ल नसलेला कागद पुण्याहून येतो.
त्याला वास नाही, चव नाही.
(चव मी घेऊन पाहिली आहे.)
त्याचे डबे करते, डिंकाशिवाय, नुसत्या घड्यांचे.
भाऊ म्हणतो, मिठाईचे केले असतेस
तर एव्हाना दुमजली झालं असतं.

बुधवारी केवळबाई देवरे आल्या.
टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम.
लोटन देवरे, एसटीच्या बुकिंग खिडकीत एकतीस वर्षं.
गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली
आणि फोटो काचेला लागला.
"काच काढ, नई बसाड," म्हणाल्या.

मी एक कोपरा उचलून पाहिला, लगेच सोडला.
भिंग लावलं.
डावा गाल, मिशी, टोपीचा अर्धा काठ
कागद सोडून काचेवर राहायला गेले होते.
बाहेरून लावलेलं कुंकू, आतून तो माणूस,
मधे दोन सूत काच.
ओढलं तर कुणाकडे किती जाईल,
सांगता येत नव्हतं.

नक्कल काढू, काचेसकट डबा करू,
असे शब्द मी जुळवत होते.
तोवर बाईच बोलल्या,
"काचमाच ऱ्हाऊ दे त्याले.
जित्ता व्हता तवय बी काचना मांगेच बसे.
माले बी पहिल्यांदा तठेच दिसना."

आमच्या अहिराणीत दिसना म्हणजे दिसला.
बाहेरगावचा माणूस ऐकेल
तर अगदी उलटं समजेल.
मीही इथलीच,
पण त्या दुपारी भिंग हातात धरून
क्षणभर मला दोन्ही ऐकू आलं.

डबा केला, काचेच्या मापाचा,
खाली जाड पुठ्ठा, चारी बाजूंना कापडाची गादी,
न रंगवलेल्या, धुतलेल्या सुती कापडाची.
पेन्सिलीनं लिहिलं:
लोटन देवरे. काचेसह. आडवा ठेवावा.
केवळबाईंना वाचता येत नाही.
त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं नाही,
दोन अंगुळं वरून, हवेतच फिरवलं.
मी काही शिकवलं नव्हतं.

साडेतीनशे झाले.
नोटा असताना कनवटीचे सुट्टे काढले,
दहा-दहाची नाणी टेबलावर रचत गेल्या.
"सुट्टा द्या, सुट्टा द्या, करे ना तो," म्हणाल्या,
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.