खोटी जखम

नेत्रावळीच्या रानातून फोंडू वेळीपानं आणली होती
नरक्याची डहाळी, ओल्या गोणपाटात,
कदंबाच्या शेवटच्या सीटवरून.
"घाण मारते म्हणून गुरंही तोंड लावत नाहीत," म्हणाला,
"आणि तुम्ही मोजून घेता!"

डहाळी केव्हाच वाळली.
तिच्या पानाचा नखाएवढा तुकडा मात्र
ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर,
चार वर्षं वाढतोय.
मूळ नाही, खोड नाही,
भिजल्या पोह्यांसारखा पिवळट गोळा.
ऑक्झिन दिलं की फुगतो.

औषध देत नाही.
का द्यावं?
इथं ना अळी, ना ऊन, ना फोंडूचा कोयता.
साखर वेळेवर मिळते.

म्हणून एकविसाव्या दिवशी
मी पिपेटच्या टोकावर घेते मिथाइल जास्मोनेट.
पान कुरतडलं की झाड हेच सोडतं अंगभर:
आलं कुणीतरी, कडू व्हा.
मी खोटं बोलते.
थेंबभर खोटं, प्रत्येक फ्लास्कमध्ये.

गेल्या खेपेला दुप्पट पडलं.
सकाळी सगळं तपकिरी.
फुर्तादो मॅडमनी नुसतं बघितलं,
ती नजर अजून सिंकपाशी आहे.

रात्री वीज गेली. शेकर थांबला.
जनरेटर लागेपर्यंत दोन्ही हातांत फ्लास्क धरून
मी गोलगोल फिरवत राहिले, घुसमटू नयेत म्हणून.
खिडकीतून बांबोळीचे दिवे दिसत होते, तिथली वीज जात नाही.
कँटीनच्या रुझारियोला तिथं दर पंधरवड्याला सलाईन लावतात.
विचारतो, बाटलीत तुमचंच असतं ना गो?
नाही, म्हणते. म्हणजे अजून नाही.
तो चहात साखर जास्त घालतो, न सांगता.

पाचव्या दिवशी गाळलं.
गोळे वाढायचे थांबलेत, वजन तेवढंच.
कागदावर मात्र, जिथं रेघ आडवी पडून असायची,
तिथं एक टोक उभं राहिलंय. तिप्पट.
मॅडम म्हणाल्या, परत करून बघ.
फोंडूचा फोन आला: जगली का ती?
मी हो म्हटलं,
आणि काय जगलं ते सांगत बसले नाही.

पणजीच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं
माझ्या हाताशी नाक आणलं:
"जायो खंय मेळ्ळ्यो गे? आता दिवस नाहीत त्यांचे."