तीन घरं

रुवीतल्या लाँड्रीच्या काचेवर मी कागद चिकटवला:
गणित, पाचवी ते आठवी, घरी येऊन.
इस्त्रीवाला म्हणाला, नंबर मोठा काढ,
इथे माणसं चालता चालता वाचतात.

पहिला फोन तस्नीमच्या आईचा. हमदुले, दापोलीकडचे.
चौथा मजला, लिफ्ट बंद,
दाराशी अकरा चपला, एक बिनजोडीची.
खोलीच्या मधोमध पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब.
म्हणजे भागाकार तिला आधीच येत होता.

फ्रीजच्या रिकाम्या खोक्यावर वही.
"मिस, तुम्ही पन शालेत जाता?"
जाते, मोठ्या. तिथे मलाही फारसं कळत नाही.
(थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास झाले होते. ते बोलले नाही.)

तिच्या पुस्तकात टिंबानंतर दोन घरं: रुपये, पैसे.
इथे तीन.
हजार बैसा म्हणजे एक रियाल.
बैसा म्हटलं की ती हसत सुटायची,
पाहुण्यांना म्हणतात तसं, बैसा, बैसा, च्या घ्या.
आणि शेवटचं शून्य गाळायची दर वेळी.
"त्याला किंमत कुटं हाय?"
मी लाल पेनानं गोल करायचे.
असू दे. घर आहे ना, रिकामं का ठेवायचं?

तिचा बाप शिलाईच्या दुकानात.
एकदाच भेटला, जिन्यात.
अंग चोरून उभा राहिला मला वाट द्यायला,
माझ्या खांद्यांकडे बघितलं आणि मान खाली घातली.
मला राग आला होता.

जानेवारीची फी पुढच्या महिन्यात,
फेब्रुवारीची त्याच्या पुढच्या.
मी मागितली नाही. खरं सांगायचं तर
माझ्या वहीत मात्र लिहून ठेवली.

मार्चमध्ये गेले तर चपला पाच.
पडद्यापलीकडच्या बाईनं पिशवी दिली.
दुकान बंद झालं, व्हिसा संपला, परवाच्या विमानानं गेले.

पिशवीत पांढरा कोट, प्रयोगशाळेत घालतात तो.
घरी आरशासमोर चढवला.
खांदे बरोबर. बाह्या बरोबर, मनगटाच्या हाडापर्यंत.
कुणीही माप घेतलं नव्हतं.

खिशात काही नोटा, नाणी
आणि चौकटीच्या वहीचा कागद:

२४.००० वजा ३.७५०
बाकी २०.२५०
बाकी ठीक.

हातचे नीट घेतलेले. खाडाखोड नाही.
शेवटचं शून्य लिहिलंय,
आणि त्याला गोल केलाय
तिनंच, लाल पेनानं.