मागचं पाणी

पंधरा एप्रिलच्या आत
आराखडा राज्याच्या पाणी-इंजिनियरकडे पोचायला हवा.
आज नऊ तारीख.
खिडकीबाहेर बार्लीची शेतं अजून भुरी,
क्रेन पक्षी कधीच उत्तरेला निघून गेले,
आणि माझ्या टेबलावर दोनशे अकरा विहिरी
मीटरच्या आकड्यांत उभ्या.

ऐकायला सोपं असतं:
जितकं जमिनीखालून उपसलं, त्यानं नदीची जितकी तूट झाली,
तितकं कुठूनतरी आणून नदीत घालायचं,
खालच्या पाटकऱ्यांची ओरड व्हायच्या आधी.
त्यांचे हक्क अठराशे सहासष्टचे आहेत,
स्वभावही.

पण आज पंप चालला
तर नदीला ते आज कळत नाही.
रेतीतून, निळ्या चिकणमातीखालून
तुटीची बातमी सावकाश निघते.
कधी चार वर्षं लागतात, कधी एकवीस.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
मला त्याचाच पगार मिळतो:
किती मुरलं, कुठे मुरलं,
आणि त्याची उणीव नदीच्या दारात कधी उभी राहील.

रकाना एकशे चार. होल्गर टॉल्सगार्ड.
विहीर बंद: २००९.
मालक बंद: २०१२.
देणं बाकी: दर साल अकरा एकर-फूट,
घटत घटत, २०३१ पर्यंत.

काल त्याची मुलगी ऑफिसात आली, सिग्ने.
बुटांना गोठ्यातला चिखल, हातात आमचं बिल.
"हे पाणी त्यांनी उपसलं तेव्हा मी दुसरीत होते.
त्यावर बटाटे आले, बटाट्यांवर ट्रक आला,
ट्रक गंजून भंगारात गेला.
आणि पैसे आता मी भरायचे?"

मी तिला आलेख दाखवला.
एक टेकडी, मग लांबच लांब उतरण,
शून्याला टेकता टेकत नाही अशी.
ती बघत राहिली,
दवाखान्यात पडद्यावरच्या रेषेकडे बघतात तशी.
"म्हणजे ते अजून चालू आहेत."
"खाली," मी म्हटलं, "हो."

माझे मामा एउसेबियो त्याच नदीच्या खालच्या अंगाला,
पाटाच्या शेवटच्या दारावर.
दरवर्षी जुलैत फोन करतात:
"दार उघडलंय, देल्फिना. आत काय सोडू, तुझे आलेख?"
हे मी सिग्नेला सांगितलं नाही.
नोकरीत नातं सांगायचं नसतं.

एकूण हवेत चौदाशे तीस.
धरणातून सहाशे,
डोंगराच्या बोगद्यापलीकडचे विकत घेतलेले तीनशे दहा,
नऊ जणांनी शेतं पडीक ठेवली त्याचे चारशे बहात्तर.
बाकी अठ्ठेचाळीस.
हे अठ्ठेचाळीस मला रात्री दोन वाजता उठवतात.
मी स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते,
पेला भरते, आणि पिववत नाही.

सिग्ने दारापर्यंत जाऊन परत आली.
"वरच्या तळ्यात त्यांचा वाटा आहे.
पन्नास. कधी हात लावू दिला नाही कुणाला.
वाईट सालासाठी म्हणायचे.
हे साल वाईट आहे का?"
डोंगरावर बर्फ नेहमीच्या निम्मं.
"आहे," मी म्हटलं.
"भाड्यानं घ्या. फुकट नाही देणार," ती म्हणाली,
आणि भाव सांगितला, चढाच.

सहा जूनला पहाटे
गेटवाल्या ओर्लांडोनं तळ्याचं चाक अडीच फेरे फिरवलं.
मी मोजपट्टीपाशी थांबले, थर्मासमध्ये कॉफी.
पाणी काठोकाठ नाही आलं, गाजतही नाही आलं.
जिथे खाली उतरायचं होतं
तिथे ते उतरलं नाही, एवढंच.
काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
जुलै सरला. मामांचा फोन आला नाही.

ऑगस्टमध्ये सिग्ने दुकानात भेटली,
खिळ्यांच्या रांगेत.
"पुढच्या वर्षी किती?"
"दहा पूर्णांक सहा."
तिनं खिळे वजनकाट्यावर ठेवले,
एक उचलून परत टाकला.
"ओसरतायत म्हणजे," ती म्हणाली.