तेवीस पावलं

पहाटे साडेचारला फोन. वडगाव, खालची गल्ली.
नळाला गटाराचा वास.
बाटलीत पाणी धरलं, दोन थेंब औषध टाकलं.
पिवळं व्हायला पाहिजे होतं. झालं नाही.
पाणी तसंच राहिलं, नितळ,
शपथेवर खोटं बोलणाऱ्या माणसागत.

म्हणजे वाटेत क्लोरीन कुणीतरी खाल्लं.
म्हणजे मैल्याची लाईन आणि पिण्याची लाईन
जमिनीच्या पोटात कुठंतरी भेटल्यात.
गल्लीचं पाणी तोडायचं तर व्हॉल्व्ह फिरवायचा,
आणि व्हॉल्व्ह आहे कुठं?

जुन्या रजिस्टरात कन्नडमध्ये एक ओळ:
चिंचेपासून तेवीस पावलं.
चिंच रस्तारुंदीत गेली.
खडीवर डांबर, डांबरावर काँक्रीट.
आणि पावलं कुणाची, हे लिहायचं राहिलं.

पावलं भरमाण्णाची.
मुचंडीला जाऊन स्कूटरवर मागं बसवून आणला.
डावा पाय ओढतो. अर्धांग होऊन दोन वर्षं झाली.
पंपाच्या खोलीत तीस वर्षं काढून दोन्ही कान गेलेत;
आपण ओरडायचं, त्यानं ओठ बघायचे.
इंजिनियर शिवलीला मॅडमनी हातातला नकाशा पुढं केला.
त्यानं तो घडी घालून परत दिला,
लग्नाची पत्रिका चुकीच्या घरी आल्यासारखा.

चिंच कुठं होती, यावर गल्लीत तीन मतं.
एक म्हातारी म्हणाली, शिंप्याच्या पायरीवर दुपारची सावली पडायची.
भरमाण्णा पायरीपासून निघाला.
तेवीस मोजून थांबला. खाली बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं.
'हे पाऊल ते नव्हं गा,' म्हणाला.
आणि अजून चालला,
मोजणं सोडून.

मग लोखंडी सळी मागितली.
ती मी कानाला लावतो, त्यानंच शिकवलेलं.
त्यानं एक टोक रस्त्यावर टेकवलं
आणि दुसरं
दातात धरलं.

'माग!' सळी काढून एवढंच म्हणाला.
कुणाला कळेना. मला कळलं:
दोन्ही बाजूंच्या घरांत माग खडखडत होते,
त्यांची थरथर सळीतून त्याच्या जबड्यात जात होती.
मी दारोदार गेलो. निंगव्वाकडं 'स्वल्प निल्लसरी',
बाबू कोष्ट्याकडं 'जरा थांबवा की हो'.
कुणी धागा तुटतोय म्हणालं, कुणी दिवसाचा रोज कोण देणार म्हणालं,
पण एकेक माग थांबत गेला.
शेवटचा थांबला तेव्हा
कुणाच्या तरी घरात दूध उतू जाताना ऐकू आलं.

भरमाण्णा रस्त्याच्या मधोमध उकिडवा,
तोंडात सळी, डोळे मिटलेले.
लाळ सळीवरून खाली ओघळत होती.
शाळेला निघालेली पोरं हसली, मग हसायची थांबली.
एक हात सरकला. सळी उचलली. परत टेकवली.
वीतभर डावीकडं.
'खोद.'

अडीच फुटांवर झाकण. गंजलेलं,
चावी बसेना, रॉकेल ओतलं, शिव्या घातल्या दोन्ही भाषांत.
चौदा आटे.
चौदाव्याला पाण्यानं हिसका दिला आणि गल्ली बंद झाली.
फुटकी जागा दुपारी सापडली, संडासाच्या टाकीला टेकून.

लाईन धुऊन पाणी सोडलं तेव्हा आधी तांबडं आलं.
भरमाण्णानं ग्लास मागितला होता.
'थांब,' मी हात आडवा धरला, ओठ दिसतील असा उभा राहून.
तो थांबला. नळाकडं बघत राहिला
आणि दातावरचा गंज जिभेनं चोळत राहिला.

रजिस्टरात मी नव्यानं लिहिलं:
शिंप्याच्या पायरीपासून एकोणीस मीटर वीस सेंटीमीटर.
खाली सही.
सहीच्या बाजूला जागा उरली होती.

आता रात्रपाळीत, कुणी नसताना,
मीही कधी सळी दातात धरून बघतो.
अजून तरी मला
फक्त लोखंडाची चव लागते.