हा वाळा विकायचा नाही

कामठी रोडला, हिवताप खात्याच्या जुन्या गोदामामागे
पाव एकर जमीन माझ्या ताब्यात आहे.
ताब्यात म्हणजे, कुंपणाच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे.
पावडरीची पोती फुटली तेव्हा मी जन्मले नव्हते.
माती मात्र तेवढंच एक नाव
घोकत बसलेली.

बाबा याच खात्यात. खाकी कपडे, पाठीवर पंप.
घर फवारून झालं की चौकटीवर गेरूनं तारीख टाकायचे.
सही नाही, फक्त तारीख.
आणि वस्तीचा ताप खरंच उतरायचा.
हेही लिहून ठेवते,
नाहीतर बाबा माझ्याशी बोलणार नाहीत.

आम्ही वाळा लावला, वीतभर अंतरावर.
शेणखत घातलं, उसाची मळी, वर पाणी तुंबवलं.
खाली हवा संपली की हवेवाचून जगणारे ते
कामाला लागतात. रेणूला क्लोरीनचे पाच दात.
एक उपटतात.
मग महिनोन्‌महिने काही नाही.
मग वाफे सुकू देतो, दुसरी पाळी येते,
ती हवा खाणाऱ्यांची.
कुणालाच घाई नाही. अहवाल फक्त मला द्यायचा असतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात इतवारीचे निमजे आले, सायकलला सुतळीची गुंडाळी.
नमुन्यासाठी उपटलेलं एक थोंब बाहेर पडलं होतं.
"काय वास आहे जी! कूलरच्या ताट्या बांधतो याच्या.
भाव तुमीच सांगा."
नाही म्हटलं.
"काहून? मे तोंडावर आला न बाप्पा."

काय सांगणार. की या गोड मुळाच्या सालीत
येऊन बसलंय ते, जे भिंतींवर बसायचं.
की ताटी भिजेल, पंखा फिरेल,
आणि समोर कुणाचं तरी लेकरू निजलेलं असेल.
एवढंच म्हटलं, यात औषध उतरलंय.
त्यांनी मूळ खाली ठेवलं, हात पँटला पुसले.
"मंग लावला कायले?"
मातीसाठी.
ते हसले नाहीत. नळावर हात धुतले, बराच वेळ.

या खेपेला आकडा खाली आला. थोडासाच.
कोपऱ्यातल्या वाफ्यात गांडूळ दिसलं, एक.
मी पत्र्याच्या पाटीवर गेरूनं तारीख टाकली
आणि फोटो बाबांना दाखवला.
चष्मा लावून त्यांनी पाहिला. कूलर घरघरत होता.
म्हणाले,
सात असा काढतात होय?