ओल

चर्चचा हॉल आम्हाला फुकट मिळणार होता.
खुर्च्या मांडून झाल्या, चहाची किटली तापली,
आणि कुणीतरी वर पाहिलं.
मग सगळ्यांनीच पाहिलं:
छताच्या कोपऱ्यात, पाइपाच्या मागे,
पंजाएवढी काळी ओल.
क्लेमंट म्हणाला, "यजमान आधीच हजर आहेत."
आम्ही हसलो. आमच्यात हसणं म्हणजे खोकणं,
पाच मिनिटं कुणाला बोलता आलं नाही.
आता इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर जमतो,
महिन्यातला दुसरा गुरुवार.
खिडकी उघडत नाही. ते बरंच आहे.

मी हिल्डा एंटविसल, रॉचडेलची.
सोळाव्या वर्षी क्षय झाला, बरा झाला,
जाताना डाव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला
एक पोकळी ठेवून गेला.
पन्नास वर्षं मी ती घेऊन जिने चढले, मुलं वाढवली,
मला पत्ताच नाही.
मग डॉक्टरीणबाईंनी फोटोवर पेनाचं टोक टेकवलं:
पोकळीत एक गोळा, त्याच्या वर
नखाच्या मुळाशी असते तशी हवेची कोर.
"सुरेख दिसतं," मी म्हटलं.
त्या जरा थांबल्या. "बुरशी आहे," म्हणाल्या.
"पावाला येते ती?"
"तिच्याच गोतावळ्यातली."

माझ्या वाफ्यांमागे खताचा ढीग होता.
नोव्हेंबरच्या गारठ्यात मी तो काट्याने उलटायचे,
आतून वाफ निघायची, गाईने श्वास सोडावा तशी,
आणि मी वाकून भरभरून वास घ्यायचे.
तिथूनच आली का? कुणी सांगू शकत नाही.
ती सगळ्यांच्याच श्वासातून आत जाते,
बहुतेकांकडे टिकत नाही, एवढंच.
फाटकाची चावी शेजारच्या पोराला दिली.
तो ढीग उलटतो तेव्हा मी घरी असते, खिडक्या लावून,
आणि त्या वासासाठी झुरते.
हे मी बैठकीत कधी बोलले नाही.

या गुरुवारी इद्रिस वार्सामे आला. टॅक्सी चालवतो.
कोट काढला नाही, दाराजवळची खुर्ची घेतली,
चहा दिला तर म्हणाला, "माझी बाटली आहे."
सहा आठवडे त्याचं ताट वेगळं, टॉवेल वेगळा,
चार वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगतो ती
बंद दाराच्या पलीकडून.
"माझ्यामुळे तिला..." इतकंच बोलला,
आणि हातातली बाटली उघडत, मिटत राहिला.

नर्स पर्पेचुआ फोनवर होती. म्हणून मीच बोलले.
नाही. ही एकाची दुसऱ्याला होत नाही.
पुन्हा सांगितलं. मग पुन्हा,
कारण मलाही तिसऱ्यांदा ऐकल्यावरच पटलं होतं.
आज घरी गेल्यावर दार उघडा, म्हटलं.
गोष्ट मांडीवर घेऊन सांगा.

त्याने कोटाचं वरचं बटण सोडलं.

मग सगळे एकदम सुरू झाले.
दुसरं कुठलंही औषध, सर्दीचं का असेना,
विचारल्याशिवाय घेऊ नका.
क्लेमंटने नाक दाखवलं: गोळ्यांमुळे उन्हात भाजतं,
रॉचडेलच्या उन्हात!
खोकल्यातून रक्त आलं तर लगेच कळवा,
जास्त आलं तर स्वतः गाडी हाकत येऊ नका, साहेब,
त्या दिवशी गिऱ्हाईक तुम्ही.
तो हसला. खोकला. आम्ही थांबलो,
आम्हाला थांबता येतं.
बरं होतं का, हे त्याने विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगितलं असतं,
ते जिना उतरताना ठरवत होते.

बसथांब्यापर्यंत चढ आहे. मी तीन विसावे घेते.
तिसरा कुणाच्या तरी कुंपणापाशी,
आत पानांची रास, भिजलेली, कुजत आलेली.
मफलर नाकावर ओढायला हवा होता.
ओढला.
पण जरासा उशिरा.